कवचावाचून कर्ण

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'आयएनएस विक्रांत' भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा स्वदेशात बांधलेली पहिली विमानवाहू नौका म्हणून साऱ्या देशाने तिचे कौतुक केले. ते सर्वथा रास्त होते. सुमारे ४५ हजार टन वजनाची आणि २६२ मीटर लांबीची अशी युद्धनौका स्वतः आरेखून स्वतःच्या गोदीत बांधू शकणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरून वसाहतकाळाची खूण असलेला सेंट जॉर्जचा क्रूस उतरला आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी आकृती तेथे विराजमान झाली. पुढे मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी विमानवाहू नौकेसह आपला ताफा अरबी समुद्रात पुढे सरसावला आणि पाकिस्तानी नौदलाला बहुतांशी बंदरात वा किनाऱ्यालगतच राहावे लागले, असे नौदलाने जाहीर केले. 'विक्रांत'ने आपले नाव सार्थ केले, अशी भावना तेव्हा जनमानसात उमटली.

या सगळ्या कौतुकात एक शब्द मात्र सहसा नजरेतून निसटतो. तो शब्द आहे 'ताफा'. विमानवाहू नौकेची जी छायाचित्रे घरोघरी पोहोचतात त्यांत ती बहुधा एकटीच दिसते. निळ्या पाण्यावर डौलाने निघालेली, पाठीवर विमाने मिरवणारी. युद्धात मात्र ती एकटी कधीच निघत नाही, निघू नये आणि निघालीच तर तिचे काय होते, हे गेल्या शतकाच्या सागरी इतिहासाने रक्ताच्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. तिच्याभोवती विनाशिका, फ्रिगेट, कॉर्व्हेट, पाणबुडी आणि इंधनपुरवठा करणारे जहाज यांचे कडे असते. त्या कड्याची ताकद हीच त्या नौकेच्या सामर्थ्याची खरी मोजपट्टी होय. तिसरी विमानवाहू नौका हवी की नको, याची चर्चा आपल्याकडे अनेक वर्षे चालू आहे. त्या चर्चेत या कड्याचा हिशेब अभावानेच मांडला जातो. तो मांडण्याची वेळ आली आहे.

विमानवाहू नौकेचे बळ आणि तिचे दौर्बल्य एकाच ठिकाणी वसते. तिची विमाने शेकडो किलोमीटरवर प्रहार करतात. पण तिच्याजवळची स्वतःची शस्त्रे स्वसंरक्षणापुरतीच असतात. तिच्या पोटात विमानांचे इंधन आणि दारूगोळा यांचे कोठार असते. विमान उडवायचे वा उतरवायचे झाले की तिला वाऱ्याच्या दिशेने तोंड करून ठरावीक वेगाने सरळ जावे लागते. म्हणजे ज्या घटकेला ती आपले काम करते, त्याच घटकेला तिचा मार्ग शत्रूला सहज ताडता येतो. शिवाय ती बुडाली तर एक जहाज बुडत नाही. दीड हजारांवर माणसे, अख्खे विमानदळ आणि राष्ट्राची प्रतिष्ठा एकदमच तळाला जाते. म्हणूनच शत्रूचे पहिले लक्ष्य तीच असते.

या लक्ष्याभोवती जे कडे उभे केले जाते, त्यातील प्रत्येकाचे काम वाटून दिलेले असते. धोक्याच्या दिशेला कित्येक मैल पुढे एखादी विनाशिका पहाऱ्यावर राहते. शत्रूची विमाने वा क्षेपणास्त्रे प्रथम तिच्या रडारवर उमटावीत, ही अपेक्षा. तिच्या मागे लांब पल्ल्याची विमानवेधी क्षेपणास्त्रे बाळगणाऱ्या नौका केवळ स्वतःचे नव्हे, तर साऱ्या ताफ्याचे आकाश सांभाळतात. पाणबुडीविरोधी नौका सोनारच्या साह्याने पाण्याखालचा कानोसा घेत पुढे आणि बाजूंना चालतात. उष्ण कटिबंधातील समुद्रात पाण्याच्या वरच्या उबदार व खालच्या थंड थरांमुळे ध्वनिलहरी वाकतात आणि त्या थराखाली दबा धरून बसलेली पाणबुडी जहाजाच्या तळाला बसविलेल्या सोनारला अनेकदा ऐकूही येत नाही. यासाठी लांब केबलने मागे ओढत नेण्याचे सोनार आणि पाण्यात सोनार बुडवून टेहळणी करणारी हेलिकॉप्टरे लागतात. यांपैकी एक दुवा जरी निखळला तरी कड्याला भगदाड पडते आणि शत्रूला तेवढे एक भगदाड पुरेसे असते.

दुसरे महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. ब्रिटनची 'करेजस' ही विमानवाहू नौका आयर्लंडच्या नैर्ऋत्येस जर्मन पाणबुड्यांच्या शोधात फिरत होती. सोबतीला चार विनाशिका होत्या. पाणबुडीच्या हल्ल्यात सापडलेल्या एका व्यापारी जहाजाने मदतीची हाक दिली आणि चारांतील दोन विनाशिका तिकडे धाडण्यात आल्या. १७ सप्टेंबर १९३९ च्या त्या संध्याकाळी 'करेजस'ने आपल्या विमानांसाठी वाऱ्याकडे तोंड वळविले आणि ती थेट 'यू-२९' या पाणबुडीच्या माऱ्यात आली. पाणतीरांचे दोन तडाखे बसले. पाव तासाच्या आसपास नौका बुडाली आणि तिच्यासह पाचशेहून अधिक खलाशी गेले. कर्णाने कवचकुंडले दान केली ती औदार्याने. ब्रिटिशांनीही आपले अर्धे कवच संकटग्रस्ताच्या साहाय्यासाठीच काढून दिले होते. हेतू उदात्त होता. रणांगण हेतू पाहत नाही, छाती उघडी आहे की झाकलेली एवढेच पाहते.

या धड्यानंतर नऊ महिनेही उलटले नव्हते तोच ८ जून १९४० रोजी 'ग्लोरियस' ही दुसरी ब्रिटिश विमानवाहू नौका नॉर्वेहून परतताना 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाऊ' या जर्मन युद्धनौकांच्या तावडीत सापडली. सोबत 'अकास्टा' आणि 'आर्डेंट' या दोनच विनाशिका. टेहळणीसाठी एकही विमान आकाशात नव्हते. दोन्ही विनाशिकांनी धुराचा पडदा उभारला आणि आपल्याहून कितीतरी पटींनी बलाढ्य शत्रूवर चाल केली. तिन्ही नौका बुडाल्या, दीड हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पण बुडता बुडता 'अकास्टा'ने सोडलेला एक पाणतीर 'शार्नहोर्स्ट'ला लागला आणि जखमी शत्रूला ट्रॉन्डहाइम बंदराकडे माघार घ्यावी लागली. त्या परिसरातून नॉर्वेतील ब्रिटिश सैन्य घेऊन परतणारी जहाजे होती. ती सुखरूप घरी पोहोचली, याचे बरेचसे श्रेय त्या एका पाणतीराला जाते.

रक्षक नौका काय करू शकतात, याचा सर्वांत थरारक दाखला २५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपिन्समधील समार बेटाजवळ मिळाला. अमेरिकेच्या सहा लहान, संथ विमानवाहू नौकांसमोर जपानचा प्रचंड ताफा अचानक उभा ठाकला. त्यात जगातील सर्वांत मोठ्या 'यामातो'सह चार महायुद्धनौका आणि अनेक क्रूझर होत्या. अमेरिकी बाजूला रक्षणासाठी तीन विनाशिका आणि त्यांहूनही लहान अशा चार रक्षक नौका एवढेच पथक होते. कमांडर अर्नेस्ट इव्हान्स यांच्या 'जॉन्स्टन'ने आज्ञेची वाट न पाहता शत्रूवर झेप घेतली. 'होएल' आणि 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' यांनीही तोच मार्ग धरला. तिन्ही बुडाल्या, इव्हान्स परतले नाहीत. पण या झुंजीने आणि विमानांच्या सततच्या माऱ्याने जपानी सेनानी इतका गोंधळला की हाती आलेला विजय सोडून त्याने ताफा मागे वळविला. तोफांच्या त्या लढाईत सहांपैकी एकच विमानवाहू नौका बुडाली. बाजी प्रभूंची घोडखिंड ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या युद्धाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हे झाले परक्यांचे. आपल्या स्वतःच्या इतिहासातील दाखला तर अधिक बोलका आहे. १९७१ च्या युद्धात पहिली 'विक्रांत' पूर्व समुद्रात होती. तिच्या बाष्पकाला, म्हणजे बॉयलरला, तडा गेलेला असल्याने वेगावर मर्यादा आली होती. सोबतीला चार नौका होत्या. 'ब्रह्मपुत्रा' आणि 'बियास' या मुख्यतः विमानविरोधी कामासाठी बांधलेल्या फ्रिगेट, तर 'कामोर्ता' आणि 'कवरत्ती' या रशियन बनावटीच्या लहान पाणबुडीविरोधी नौका. त्यांतही 'कवरत्ती'वर सोनार उपलब्ध नव्हते. म्हणजे पाण्याखालचा धोका ऐकण्याचे काम उरलेल्यांवरच आले आणि त्यांना 'विक्रांत'ला सोडून दूर जाण्याची सोय राहिली नाही. समोर होती 'गाझी'. पाकिस्तानकडील लांब पल्ल्याची एकमेव पाणबुडी. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी कराची सोडून ती केवळ 'विक्रांत'ची शिकार करण्यासाठी आणि विशाखापट्टणमच्या तोंडाशी सुरुंग पेरण्यासाठी संपूर्ण भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून निघाली होती.

पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी या संकटावर जी तोड काढली ती गनिमी काव्याच्या परंपरेत शोभणारी होती. 'विक्रांत' गुपचूप अंदमानच्या एका आडबाजूच्या नांगरस्थानी हलविण्यात आली. इकडे 'राजपूत' या जुन्या विनाशिकेला 'विक्रांत'चे सोंग देण्यात आले. विमानवाहू नौकेला शोभतील अशा बिनतारी संदेशांची वर्दळ मुद्दाम निर्माण करण्यात आली आणि मोठ्या ताफ्याला लागेल एवढ्या शिधासामग्रीच्या मागण्या नोंदविल्या गेल्या. 'गाझी' फसली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती विशाखापट्टणमजवळ नव्वदहून अधिक खलाशांसह तळाला गेली. 'राजपूत'ने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे तिचा अंत झाला, असे भारताचे म्हणणे. तिच्या पोटातील स्फोटामुळे, असे पाकिस्तानचे. कारण काहीही असो, 'विक्रांत'ची वाट मोकळी झाली. ४ डिसेंबरपासून तिच्या 'सी हॉक' विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर जो मारा आरंभला, त्याने पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी पूर्ण झाली.

हा विजय निखळ होता आणि त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. परंतु अभिमानाच्या भरात त्यातील गणित विसरून चालणार नाही. समोर लांब पल्ल्याची पाणबुडी एकच होती. ढाक्यातील पाकिस्तानी हवाई दल भारतीय वायुदलाने पहिल्या काही दिवसांतच जमिनीला खिळवून टाकले होते, म्हणजे आकाशातून भय जवळजवळ नव्हतेच. अशा परिस्थितीत चार अपुऱ्या रक्षक नौका आणि एका सेनानीची विलक्षण बुद्धिमत्ता पुरेशी ठरली. कृष्णन यांच्या चातुर्याने कड्यातील भगदाड झाकले गेले. ते बुजले नव्हते. उपग्रह आणि दूरगामी टेहळणी विमाने यांच्या आजच्या युगात तेच सोंग दुसऱ्यांदा वठेल, असे गृहीत धरणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय.

त्याच युद्धात पश्चिम समुद्रावर भगदाडाची किंमत मोजावी लागली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर 'खुकरी' ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराला बळी पडली. शिकारी म्हणून निघालेली नौकाच सावज ठरली, कारण पाणबुडीचे कान नौकेच्या कानांपेक्षा तीक्ष्ण होते. 'खुकरी'वरील सोनारचा पल्ला तोकडा होता. तो वाढावा म्हणून तिने वेग कमी ठेवला होता आणि संथ चालणारे जहाज पाणतीराला सोपे लक्ष्य ठरले. १८ अधिकारी आणि १७६ नाविक काही मिनिटांत समुद्रात विलीन झाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडण्यास नकार देऊन तिच्यासोबतच जलसमाधी घेतली. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. 'खुकरी'सोबत विमानवाहू नौका नव्हती. पण पाण्याखालचा शत्रू न ऐकू येणाऱ्या रक्षकाचे काय होते, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही.

अकरा वर्षांनी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनने 'हर्मिस' आणि 'इन्व्हिन्सिबल' या दोन विमानवाहू नौका दक्षिण अटलांटिकमध्ये धाडल्या. हवेतून दूरवर टेहळणी करणारी विमाने ब्रिटिश नौदलाने काही वर्षांपूर्वीच गमावली होती. त्यांना उडविणारी जुनी मोठी विमानवाहू नौका मोडीत निघाल्यावर पर्यायाची फिकीर कोणी केली नाही. ती उणीव माणसांच्या प्राणांनी भरून काढावी लागली. आकाशातील डोळा नसल्याने विनाशिकांनाच पुढे पहाऱ्यावर उभे राहावे लागले. ४ मे १९८२ रोजी 'शेफील्ड'वर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले. २० जण ठार झाले आणि नौका पुढे बुडाली. २५ मे रोजी 'कॉव्हेंट्री' बॉम्बहल्ल्यात बुडाली. त्याच दिवशी विमानवाहू नौकांच्या दिशेने आलेली एक्झोसेट क्षेपणास्त्रे रडारला चकवणाऱ्या धातुपत्र्यांच्या ढगांमुळे भरकटली आणि 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावर जाऊन आदळली. सैन्यासाठी आणलेली अवजड हेलिकॉप्टरे त्यात भस्मसात झाली. 'हर्मिस' मात्र सुखरूप परतली.

ही 'हर्मिस' म्हणजेच पुढे १९८७ मध्ये भारतीय नौदलात आलेली 'आयएनएस विराट'. २०१७ पर्यंत तीस वर्षे तिने भारताची सेवा केली. 'विराट'कडे अभिमानाने पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ती मुंबईच्या बंदरात पोहोचू शकली याला कारण दक्षिण अटलांटिकच्या थंड पाण्यात तिच्या वाट्याचे घाव दुसऱ्यांनी झेलले होते? रक्षक नौकेचे कर्तव्य असे कठोर असते. शत्रूला मारणे हे तिचे काम आहेच. पण प्रसंग पडला तर मुख्य नौकेऐवजी आपण मरणे, हेही तिच्या कर्तव्यात लिहिलेले असते.

काल बदलला, शस्त्रे बदलली, पण हा नियम बदललेला नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हूती बंडखोरांनी ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा जो वर्षाव केला, तो अमेरिकी रक्षक नौकांनी अडविला. पण कोट्यवधी रुपयांचे क्षेपणास्त्र क्षुल्लक किमतीच्या ड्रोनवर खर्च होऊ लागले. नौकेतील क्षेपणास्त्रांची कोठी रिकामी झाली की भर समुद्रात ती पुन्हा भरता येणे जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी बंदरच गाठावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये तर 'गेटिसबर्ग' या रक्षक क्रूझरने आपल्याच विमानवाहू नौकेचे लढाऊ विमान चुकून पाडले. जगातील सर्वांत अनुभवी नौदलाची ही अवस्था असेल, तर रक्षणाची कला केवळ जहाजे विकत घेऊन वा बांधून अंगी येत नाही, ती अहोरात्र सरावानेच टिकते, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरातील हिशेब. आशेला जागा आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. दिल्ली वर्गाच्या तीन, कोलकाता वर्गाच्या तीन आणि विशाखापट्टणम वर्गाच्या चार अशा दहा विनाशिका एकट्या मुंबईच्या माझगाव गोदीने घडविल्या. भारताच्या विमानवाहू नौकांचे कवच मुंबईच्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी घडविले आहे, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. माझगाव आणि कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेल्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेट २०२५ पासून दाखल होऊ लागल्या. १९७१ च्या रक्षक नौकांची नावे धारण करणाऱ्या नव्या 'कामोर्ता' आणि 'कवरत्ती' पाणबुडीविरोधी कॉर्व्हेट म्हणून नौदलात आहेत. नावे तीच, पण या खेपेस नवी 'कवरत्ती' बहिरी नाही.

तथापि बेरजेपुढे वजाबाकीही मांडावी लागते. विमानवाहू नौका दोन आहेत आणि आधुनिक विनाशिका दहा. कोणत्याही नौदलातील जहाजांचा मोठा हिस्सा कायम दुरुस्तीत आणि डागडुजीत असतो. समजा एक तृतीयांश नौका गोदीत असतील, तर दोन्ही ताफ्यांसाठी मिळून सहा-सात विनाशिका उरतात. त्यांनाच किनारा सांभाळायचा, त्यांनीच एडनच्या आखातात चाच्यांवर नजर ठेवायची आणि तांबड्या समुद्रात होरपळलेल्या व्यापारी जहाजांच्या हाकेलाही त्यांनीच धावायचे. जानेवारी २०२४ मध्ये 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजाला आग लागली तेव्हा 'आयएनएस विशाखापट्टणम'च धावून गेली. शांतताकाळात हे सर्वस्वी उचित आणि कीर्तिवर्धक आहे. पण ऐन युद्धात अशीच हाक आली तर? 'करेजस'च्या कप्तानापुढे १९३९ मध्ये जो पेच पडला तोच आपल्या सेनानींपुढे उभा राहील, आणि त्याचे उत्तर त्यांच्या बुद्धीपेक्षा ताफ्यातील नौकांच्या संख्येवर अवलंबून असेल.

दुसरी वजाबाकी काळाची. विशाखापट्टणम वर्गाचा करार जानेवारी २०११ चा. पहिली नौका दाखल झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. चौथी 'सुरत' १५ जानेवारी २०२५ रोजी आली. त्यानंतर २०२५ संपेपर्यंत पुढील पिढीच्या विनाशिकांच्या बांधणीचा करार झालेला नव्हता. आज शाई वाळली तरी नौका समुद्रात उतरायला दशक लागते, हे अनुभवाचे बोल आहेत. शिवाय नौका आली म्हणजे तिची शस्त्रे आली, असेही नाही. 'कोलकाता' ऑगस्ट २०१४ मध्ये दाखल झाली, परंतु तिचे मुख्य विमानवेधी अस्त्र असलेल्या बराक-८ ची तिच्यावरून यशस्वी चाचणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरांची कथा याहून लांबली. जुनी 'सी किंग' थकत गेली. त्यांच्या जागी घ्यावयाच्या २४ 'एमएच-६० आर' हेलिकॉप्टरांचा करार झाला २०२० मध्ये आणि त्यांचे पहिले पथक कोचीत उभे राहिले मार्च २०२४ मध्ये. ज्या नौकेच्या पाठीवर हेलिकॉप्टर नाही तिचे कान अर्धे मिटलेले असतात, हे 'खुकरी'च्या देशाला तरी सांगावे लागू नये.

या वजाबाकीला शत्रूची बेरीज जोडली की चित्र पूर्ण होते. पाकिस्तानने चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेण्याचा व्यवहार केला. त्यांपैकी पहिली एप्रिल २०२४ मध्ये चीनमधील वुहान येथे पाण्यात उतरली. दिवसेंदिवस पाण्यावर न येता दबा धरून राहण्याची यंत्रणा त्यांच्यात आहे. या वर्गाला नाव दिले आहे 'हंगोर'. ज्या पाणबुडीने 'खुकरी' बुडविली तिचे नाव शत्रूने आठ पाणबुड्यांच्या वर्गाला देऊन आपला इरादा उघड केला आहे. चीनची तिसरी विमानवाहू नौका 'फूजियान' नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झाली. आपल्याकडे चर्चा होते ती या तिसऱ्या नौकेची. पण या नौका बांधत असतानाच चीनने त्यांच्याभोवती ठेवायच्या मोठ्या विनाशिकांची रांग उभी केली, ही गोष्ट अधिक अभ्यासण्यासारखी आहे.

विमानवाहू नौका कालबाह्य झाली, असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे. तिसरी नौका आजच हवी, असे म्हणणाऱ्यांचा दुसरा. दोघेही नौकेकडे एकटी म्हणूनच पाहतात. पहिला पंथ तिचे उघडे अंग पाहून भितो. दुसरा तिचे सामर्थ्य पाहून हुरळतो. हिंद महासागरात भारताचे व्यापारी मार्ग, बेटे आणि हितसंबंध पाहता विमानवाहू नौकेची गरज नाकारता येत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. ज्या टिपणीवर तिसऱ्या नौकेला मंजुरी मिळेल, त्याच टिपणीवर तिच्यासोबतच्या विनाशिका, फ्रिगेट, हेलिकॉप्टरे आणि रसदजहाजे यांची मंजुरी, निधी आणि वेळापत्रक असले पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी पाच रसदजहाजांचा करार झाला, ही योग्य दिशेची पावले होत. विनाशिकांच्या बाबतीतही एक वर्ग गोदीतून बाहेर पडण्यापूर्वीच पुढच्या वर्गाचे पोलाद कापले गेले पाहिजे; नाहीतर माझगावच्या कुशल हातांना काम नाही आणि नौदलाला नौका नाही, अशी दुहेरी हानी होते. आणि नौका दाखल करण्याचा मुहूर्त समारंभाच्या सोयीने न ठरता तिच्यावरील सोनार आणि क्षेपणास्त्र सिद्ध झाल्यावरच ठरावा.

नौदलाच्या ध्वजावर आता ज्यांच्या मुद्रेची आठवण आहे, त्यांच्या आरमारी परंपरेत हा विचार नवा नाही. मराठी आरमारात मोठ्या तोफांची गुराबे होती आणि वल्ह्यांवर चालणारी चपळ गलबतेही होती. वारा पडला की हीच लहान गलबते गुराबांना ओढून मोक्याच्या जागी नेत आणि शत्रूवर झडप घालण्यातही पुढे असत. कान्होजी आंग्रे यांनी युरोपीय सत्तांना कोकणच्या किनाऱ्यावर दीर्घकाळ जेरीस आणले ते एखाद्या अजस्र जहाजाच्या बळावर नव्हे; लहानमोठ्या नौकांच्या मेळावर आणि किनाऱ्यावरील दुर्गांच्या आधारावर. जून २०२५ मध्ये दाखल झालेल्या लहान पाणबुडीविरोधी नौकेला वसईजवळच्या 'अर्नाळा' किल्ल्याचे नाव देण्यात आले, यात त्या परंपरेचे स्मरण आहे. लहान नौकांचे मोल ओळखणाऱ्या राष्ट्रालाच मोठ्या नौका पेलतात.

उद्या एखादी नवी विमानवाहू नौका समुद्रात उतरेल, तेव्हा पुन्हा वाद्ये वाजतील, पुन्हा फुले उधळली जातील. ती उधळलीच पाहिजेत. पण संसदेत, वृत्तपत्रांत आणि सामान्य नागरिकांच्या बोलण्यातही त्या दिवशी एक प्रश्न आवर्जून विचारला गेला पाहिजे : हिच्यासोबत कोण निघणार आहे आणि ते आज कोणत्या गोदीत आहेत? दीवच्या समुद्रात 'खुकरी'सह विसावलेल्या १९४ जणांचे ऋण देशावर आहे. त्या ऋणाची फेड स्मारकाच्या पायरीवर होत नाही. ती गोदीतल्या पोलादावर आणि ताफ्यातल्या जागत्या सोनारवर व्हायची आहे.